मागच्या खोलीचा होकार

१

त्या म्हाताऱ्या नवराबायकोच्या घरात चार वर्षं एक रीत होती. पंप, मिक्सर, इस्त्री, कपड्यांचं मशीन, असं काहीही जड चालू करायचं झालं की आधी मोठ्यानं विचारायचं, "लावू का?" मागच्या खोलीजवळ जो असेल त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर बॅटरी किती टक्के आहे ते बघून उत्तर द्यायचं. आकडा बरा असला तर "लाव", नसला तर "थांब". उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

ही रीत पडली एका फजितीतून. छपरावर सौर पॅनल चढले, मागच्या खोलीत बॅटरीचं कपाट बसलं, आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी इस्त्री लावली त्याच क्षणी वायरमननी पंप लावला. ऐन दुपारी घर ठप्प. एकमेकांवर खापर फोडण्यात अर्धा तास गेला. मग चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई म्हणाल्या, शिस्त हवी. एकतीस वर्षं खांबांवर चढून परक्यांच्या घरात उजेड पाडलेले वायरमन म्हणाले, आमच्यात खांबावरच्या माणसानं होकार दिल्याशिवाय खालचा माणूस खटका ओढत नसे, तेच करू.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांच्या वीजखात्यानं कधी उजेड पाडला नाही. घर म्हणे शेवटच्या खांबापासून एकशे ऐंशी मीटर लांब. टेकडीपलीकडे एका पुढाऱ्याच्या पोहण्याच्या तलावाला सहा दिवसांत तार पोचली. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या नशिबी एकोणीस अर्ज आणि अंगणात रोवलेला एक नुसता खांब. तार आलीच नाही. कागदावर 'काम पूर्ण'. विसावं पत्र खात्याकडूनच आलं, नव्या जोडणीबद्दल आपण समाधानी आहात काय असं विचारणारं. बाईंनी त्यातल्या अकरा चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, खाली 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला आणि पत्र परत धाडलं. खांबाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. निदान कशाला तरी तो उपयोगी पडला.

मग दोघांनी पॅनल घेतले आणि कुणाच्या दारात जाणं बंद केलं. दुपारी बारा वाजता आकडा शंभरवर गेला की वायरमन मांडीवर थाप मारायचे. रीत तर अशी अंगात मुरली की बिनविजेच्या गोष्टींनाही लागू झाली. "आमटीत मीठ घालू का?" "थांबा." "मिशांना कलप लावू का?" "थांबा, आकडा कमी आहे." पाहुणे चक्रावायचे. दोघं आपले हसत बसायचे.

२

मग वायरमनची फुप्फुसं थकली.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज सोळा तास ऑक्सिजनचं मशीन. ते मशीन म्हणजे पलंगाशेजारी ठेवायच्या छोट्या कपाटाएवढं धूड. चालू असेल तोवर 'भस्स... ठक, भस्स... ठक' करणारं. नाकाला नळी. दोन पावलं चाललं की धाप. आणि आवाज गेला. ज्या आवाजानं ते खांबावरून तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायचे, त्याची नुसती कुजबूज उरली.

लेक शहरात औषधाचं दुकान चालवते. ती आली, मशीन बघितलं, बॅटरी बघितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. बाबांचा श्वास ढगांच्या मर्जीवर ठेवायचा नाही. नवव्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे, दोघांनी तिथं यायचं. बाईंनी तो फ्लॅट पाहिला होता. खिडकीतून समोरच्या खिडकीतला माणूस दात घासताना दिसतो.

बरीच वादावादी झाली. शेवटी तोडगा असा निघाला की एक महिना बघायचं.

"पण एकदा, एकदाच जरी मशीन बंद पडलं ना आई," लेक म्हणाली, "तर मी गाडी घेऊन येणार आणि एक शब्द ऐकून घेणार नाही."

वायरमननी नळी सारखी केली आणि बाईंना जवळ बोलावून कुजबुजले, "हिला म्हणावं, तिकडे यायला आम्ही अर्ज करू. वीस."

लेक गेल्यावर बाई मागच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचा श्वास आता टक्क्यांत लिहिलेला होता. एकाहत्तर, सत्तर. दहाच्या खाली गेलं की यंत्रणा आपण होऊन बंद पडते. तातडीसाठी दिलेला सिलिंडर दोन तासांचा. तिकडे नेलं तर श्वास चालेल, पण माणूस महिन्याभरात भिंतीकडे तोंड करून बसेल, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांना श्वासही हवा होता आणि माणूसही.

त्या दिवसापासून "लावू का?" बंद झालं. विचारणार कुणाला? बाई स्वतःच आत जायच्या, आकडा बघायच्या, बाहेर येऊन बटण दाबायच्या.

३

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाई टोमॅटोचं सूप करत होत्या. उकडलेले टोमॅटो मिक्सरच्या भांड्यात घातले, झाकण दाबलं, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "लावू का?"

मागून उत्तर आलं, "लाऽव."

बाईंनी मिक्सर फिरवला. फिरवता फिरवता त्यांच्या लक्षात आलं आणि आनंदानं त्यांना काही सुचेना. आवाज आला होता. भरलेला, छातीतून निघालेला, 'ला'वर जरा रेंगाळणारा, जुना. वाटीभर सूप घेऊन त्या जवळजवळ धावतच मागच्या खोलीकडे गेल्या. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर ब्याऐंशी.

वायरमन पुढच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपले होते. मान कलली होती, नळी नाकात होती, मांडीवरचं वर्तमानपत्र अर्धं घसरलं होतं. भस्स... ठक. व्हरांडा ते मागची खोली, मध्ये दोन दारं आणि हे एवढं मोठं स्वयंपाकघर. बाई वाटी धरून उभ्या राहिल्या. सूप निवायला लागलं.

चौतीस वर्षं मुलांना 'पुरावा काय?' विचारलेली बाई होती ती. त्यांनी स्वतःला समजावलं. चार वर्षांत हजारदा ऐकलेलं उत्तर कानानंच भरून काढलं असणार. पायरी नसताना पाऊल पायरी शोधतं, तसं. स्पष्टीकरण चांगलं होतं. वर्गात खपलं असतं.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रयोग केला. आकडा आधी न बघता स्वयंपाकघरातून विचारलं. "लाऽव." जाऊन पाहिलं, सत्त्याहत्तर. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पंपासाठी विचारलं. "थांब." जाऊन पाहिलं, अडतीस. तीन दिवसांत चौदा वेळा विचारलं. एकही उत्तर चुकीचं निघालं नाही.

खोलीत त्या जाऊन बसल्या तर मात्र काही ऐकू यायचं नाही. पंख्याची घरघर, बॅटरीच्या कपाटाची उबदार पाठ, तापलेल्या रबराचा वास. उत्तर यायचं ते खोली रिकामी असतानाच, आणि यायचं अगदी झटपट. जणू कुणी आकड्यासमोर उभंच आहे.

अंगावर काटा यायचा. पण खरं सांगायचं तर बाई त्या दिवसांत सुखात होत्या. घरात पुन्हा प्रश्न होता आणि उत्तर होतं. कपडे धुताना त्या गुणगुणायला लागल्या. नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. आजारी माणूस, उगाच घाबरायचा.

चौथ्या दिवशी वायरमननीच त्यांना बोटानं जवळ बोलावलं.

"बाई," ते कुजबुजले. आयुष्यभर त्यांनी बायकोला चिडवायला बाईच म्हटलं. "मागं कोण बसवलाय?"

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी विचारलं, तुम्हालाही ऐकू येतं?

"चार दिवस ऐकतोय. माझ्याच आवाजात बोलतो लबाड." त्यांचे डोळे चमकत होते. "एकतीस वर्षं नोकरी केली. कुठल्या टेबलावरून इतक्या लवकर उत्तर आलेलं ऐकलंयस? राहू दे त्याला."

आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, बाईंनी पाठ चोळली, आणि मग बाईही हसल्या. दोघं म्हातारे व्हरांड्यात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आत मशीन आपला ठेका धरून होतं.

फक्त एक गोष्ट बाईंनी ओठांवर येऊ दिली नाही. आवाज नवऱ्याचा होता हे खरं, पण त्यात धाप नव्हती. जो आवाज त्यांच्या नवऱ्यापाशी उरला नव्हता, तो दुसऱ्या कुणापाशी होता.

५

महिन्याचे पाच दिवस राहिले आणि धुकं उतरलं.

असं धुकं की अंगणातला खांब दिसेना. पॅनलवर दिवसभर पांढरं पांघरूण. दुपारी बारा वाजता, जेव्हा मांडीवर थाप पडायची, तेव्हा पडद्यावर उजेडाची कमाई म्हणून एक बल्ब जेमतेम लागेल इतकीच. बाईंनी फ्रीज बंद केला, पंप बंद केला, दिवे बंद केले. मशीन तेवढं चालू. पहिल्या दिवशी साठ. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी एकोणतीस.

चौथ्या दिवशी सकाळी चौदा.

बाईंनी हट्ट सोडला आणि लेकीला फोन लावला. लेक गाडी घेऊन निघालीच होती, पण घाटात धुक्यानं वाहतूक रोखून धरली होती. ती फोनवर रागावली नाही, त्यानं बाई जास्त घाबरल्या. तिनं एवढंच विचारलं, सिलिंडर भरलेला आहे ना? बाईंनी काटा बघितला, भरलेला होता. दोन तास. लेकीला पोचायला किती लागतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

बारा वाजले. अकरा टक्के. वायरमन पलंगावर उशांना टेकून बसले होते, ओठांवर निळसर झाक. बाईंचा हात त्यांच्या हातात होता. ते काहीतरी म्हणाले, बाईंनी कान जवळ नेला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पोरीचा फ्लॅट बरा होता."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली होती, आणि ते बाईंना अजिबात सहन झालं नाही. त्या तडक उठल्या, सिलिंडर ओढत आणायला स्वयंपाकघरात गेल्या. सिलिंडर जड होता. त्यांनी तो तिरका करून दोन्ही हातांत धरला, सगळं लक्ष त्याच्यात, तोल त्याच्यात, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

या वेळी उत्तर नव्हतं. प्रश्न होता.

"लावू का?"

बाईंनी विचार केला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. पण चार वर्षांची जीभ विचार करत नाही. हात गुंतलेले असताना, पाठ वळलेली असताना, नवऱ्याच्या त्या आवाजाला त्यांनी शेकडो वेळा जे म्हटलं होतं तेच म्हटलं.

"लावा."

मागं खटका पडला. जुन्या, लोखंडी दांडीच्या स्विचचा, भरीव. तसला स्विच त्या घरात नव्हता.

६

पलंगाशेजारचं मशीन क्षणभर अडखळलं आणि दमदार चालू लागलं. बाई सिलिंडर तिथंच सोडून मागच्या खोलीत गेल्या. पडद्यावर सतरा. त्यांच्या डोळ्यांदेखत एकोणीस. मग चोवीस. खिडकीबाहेर धुकं तसंच, पॅनलची कमाई तशीच, जवळजवळ शून्य. एक्केचाळीस. आकडे पायऱ्या चढावेत तसे चढत होते. शंभरला थांबले.

"बाई," बाहेरून हाक आली. "अगं बाई, भूक लागलीय मला."

हाक. कुजबूज नव्हे.

वायरमन पलंगाच्या कडेला बसले होते. ओठ लाल. नळी त्यांनी काढून मनगटाला गुंडाळली होती. बाईंनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला. अठ्ठ्याण्णव. चिमटा बिघडला म्हणून स्वतःच्या बोटाला लावला. पंच्याण्णव. वायरमन म्हणाले, मशीन तूच लाव आता.

मग त्या घरात त्या दुपारी जे झालं ते पोरखेळासारखं होतं. फ्रीज लावला. पंप लावला. चार दिवसांचे कपडे मशीनमध्ये कोंबले. इस्त्री, मिक्सर, सगळे दिवे, रेडिओ. सगळं एकदम, कुणालाही न विचारता. शंभर. वायरमन खोल्याखोल्यांतून फिरत बटणं दाबत होते आणि रेडिओवरच्या गाण्याला शिट्टीनं साथ देत होते. बाईंना रडू येत होतं आणि रडायला उसंत मिळत नव्हती.

लेक संध्याकाळी पोचली तेव्हा बाप फाटकात उभा होता. ती गाडीचं दार उघडंच टाकून त्याच्याकडे धावली. मग तिनं दोन दिवस राहून सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी बापाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी दोनदा छाती ऐकली, यंत्र बदलून तिसऱ्यांदा ऐकली, आणि असंही होतं कधीकधी, असं म्हणाले. शिकलेल्या माणसाला काही कळलं नाही की तो हेच म्हणतो.

"जिंकलात तुम्ही," निघताना लेक म्हणाली. बापाच्या गळ्यात पडून ती लहानपणीसारखी हसली. मग आईच्या कानात हळूच म्हणाली, "बाबांचे हात किती गार लागतात गं. हातमोजे-बिजे घालत जा त्यांना."

७

पुढचे तीन आठवडे फार छान गेले. धुकं विरलं. वायरमननी फाटक रंगवलं. मागच्या खोलीतून काही ऐकू येईना. गरजही उरली नव्हती, कारण उत्तर द्यायला आता घरात माणूस होता.

एक तारखेला बाईंनी पाना काढला. दर महिन्याला मुख्य स्विच दोन मिनिटं बंद करायचा, तारांची टोकं पुसायची, पेच आवळायचे. चढउताराची कामं वायरमनची, हे काम बाईंचं. मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. बाहेर वायरमन दोरीवर कपडे घालत शिट्टी वाजवत होते.

"बंद करतेय हो," बाई म्हणाल्या.

"कर." आणि शिट्टी पुढे चालू.

बाईंनी स्विच खाली केला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, रेडिओ थांबला.

शिट्टी थांबली.

बाईंनी वर पाहिलं. वायरमन दोरीपाशी उभे होते, ओला सदरा धरलेले दोन्ही हात वर, ओठ शिट्टीसाठी गोल, डोळे उघडे. वाऱ्यानं सदरा हलत होता. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं, त्यांच्या पायावर पडत होतं. पाय हलत नव्हता. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. एक माशी येऊन त्यांच्या उघड्या डोळ्यावर बसली, चालली आणि उडाली.

बाईंनी स्विच वर केला.

शिट्टी जिथं तुटली होती त्याच सुरावरून पुढे निघाली. वायरमननी सदरा दोरीवर टाकला, झटकला, चिमटा लावला. मग पायाकडे बघून म्हणाले, "हे एवढं पाणी कुठलं?"

८

बाईंनी त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. पेच आवळायचे राहिले. त्या खुर्ची घेऊन खिडकीपाशी बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. तो चालत होता, खात होता, खात्याला शिव्या देत होता. विज्ञान काहीही म्हणो, त्यांचं जे जायला आलं होतं ते गेलं नव्हतं. स्विच खाली करायचा नाही, एवढंच. एवढं त्या करू शकत होत्या. इतक्या स्वस्तात कुणाला काय मिळतं?

मग हळूच दुसरा विचार आला. त्या सत्तरीच्या होत्या. उद्या त्यांचं काही झालं तर? लेक येईल. शहाणी, नेटकी मुलगी. घर आवरेल, आणि निघताना सगळी बटणं बंद करून जाईल.

दुपारचे बारा वाजले होते. ऊन असं पडलं होतं की अंगण पांढरं दिसत होतं. वायरमन फाटकाला रंगाचा दुसरा हात मारत होते, मिशांना रंग लागलेला. बाई खिडकीपासून उठून स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. ओठ मिटलेले, हातात काही नाही.

मागच्या खोलीतून आवाज आला. बायकी. शिकवून शिकवून जरा घोगरा झालेला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांचा स्वतःचा.

"लावू का?"

बाईंच्या जिभेवर 'थांबा' आलं. तेवढा वेळ होता. श्वास घेतलेला होता, तोंड उघडलेलं होतं. त्यांनी खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. तो ब्रश डब्यावर निथळवत होता, गाणं म्हणत होता, आणि नेहमीसारखा मान न वळवताच, खणखणीत आवाजात ओरडला.

"लाऽव."

मागं खटका पडला.

वायरमन हात पुसत आत आले. बाईंनी गार पडलेल्या हातांनी ओट्याची कड घट्ट धरली होती, आणि त्यांना आपलं हसू आवरत नव्हतं.

"काय गं," त्यांनी विचारलं, "काय लावलंस?"